हौसाची पत्रं

खरं सांगायचं तर मला सेवा करायची नव्हती, सौदा करायचा होता. देवाशी सौदा करू नये हे मला कळत नव्हतं असं नाही. चौतीस वर्षं महाडच्या प्राथमिक शाळेत फळ्यावर सुविचार लिहिले, त्यात हाही दोन-चारदा लिहिला असेल. पण ज्याचं जळतं त्यालाच कळतं. आमचा एकुलता एक मुलगा श्रीकांत घर सोडून गेला, त्याला तेव्हा सहा वर्षं होत आली होती. दत्तगुरूंच्या तसबिरीपुढे मी रोज दिवा लावत होते, पण तो हाताच्या सवयीनं. मनातून मी देवावर रुसले होते, आणि देव काही समजूत काढायला येत नव्हता.

तो का गेला, ते आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं सगळं सांगायला तोंड राहील. श्रीकांत रसायनशास्त्र घेऊन बी. एस्सी. झाला. महाडला तेव्हा कारखाने येत होते, आज ना उद्या चिकटेल असं सगळेच म्हणत. दोन वर्षं गेली तरी काही जमेना. तो शांत मुलगा, सकाळी पेपरातल्या जाहिरातींना खुणा करायचा, दुपारी अर्ज टाकून यायचा. मला मात्र ते बघवत नव्हतं. अख्ख्या गावाची पोरं माझ्या हाताखालून गेलेली, कुणी बँकेत, कुणी मुंबईला मंत्रालयात, आणि बाईंचा स्वतःचा मुलगा घरी बसलेला. गणपतीत दहा माणसं पंगतीला असताना आमटी वाढता वाढता मी बोलून गेले, "गावाची पोरं मी मार्गाला लावली, आमचे चिरंजीव तेवढे खायला काळ आणि भुईला भार." पाहुणे हसले. श्रीकांतही हसला. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी तो एक पिशवी घेऊन गेला. महिन्याभरानं कार्ड आलं, 'मी ठीक आहे. कामाला लागलो आहे. शोधू नये.' पत्ता नव्हता, शिक्का पुसट होता. ते कार्ड मी इतक्यांदा वाचलं की त्याचे कोपरे मऊ पडले.

आमच्या उपासना मंडळाचे प्रमुख नाना म्हणून होते. ते मुलीकडे अमेरिकेत सहा महिने राहून आले आणि येताना चॉकलेटांऐवजी एक कल्पना घेऊन आले. तिथे त्यांच्या शेजारी मॉर्मन नावाच्या ख्रिस्ती पंथातलं एक निवृत्त जोडपं होतं. त्या लोकांत अशी रीत आहे म्हणे, की नोकरी-संसार उरकल्यावर नवरा-बायकोनं जोडीनं दीड वर्ष घराबाहेर पडून सेवा करायची, आणि हे दोघं बेकार माणसांना नोकरी मिळवून द्यायला मदत करत होते. गुरुवारच्या आरतीनंतर नानांनी हे सांगितलं आणि म्हणाले, "ते त्यांच्या देवासाठी करतात, आपल्याला आपल्या देवासाठी का जमू नये?" सगळ्यांनी माना डोलावल्या आणि चपला शोधायला लागले. मी हात वर केला. आमचे हे तहसील कचेरीतून निवृत्त झालेले, शिक्के आणि दाखले यांतच आयुष्य गेलेलं. ते माझ्याकडे बघतच राहिले. घरी येताना म्हणाले, "अगं, मला विचारायचंस तरी." मी पुढे चालत राहिले. मनात देवाला सांगून झालं होतं की मी लोकांची मुलं कामाला लावते, तू माझं मूल घरी आण.

गुरुवारी महाडला मंडळाच्या सभागृहात आणि सोमवारी पोलादपूरला दत्तमंदिराशेजारच्या खोलीत आम्ही बसायचो. मधल्या दिवशी कधी तुडील, कधी वरंध. एस. टी.नं जायचं, शाळेत किंवा चावडीत बसायचं, मुलांची नावं लिहून घ्यायची. मुंबईच्या गिरण्या बंद पडून परतलेली माणसं असत, दहावीला गणितात अडकलेली पोरं असत, आय. टी. आय. करून घरच्या नाचणीच्या शेतात राबणारे असत. यांनी दाखल्यांची बाजू सांभाळली. कुठला दाखला कुठल्या टेबलावर अडतो हे त्यांना तोंडपाठ होतं. मी अर्ज लिहायची. माझं अक्षर चांगलं आहे. हे मीच सांगते, कारण मला त्याचा गर्व होता. मुलांची कावळ्या-चिमण्यांची अक्षरं बघून माझा जीव कासावीस व्हायचा, म्हणून मी त्यांना नुसती सही करायला लावायची आणि बाकी सगळं स्वतः लिहायची, समास सोडून, ओळीत ओळ.

चार महिन्यांत एकालाही बोलावणं आलं नाही. मग आम्ही दोघं एका कारखान्यात चौकशीला गेलो, तर तिथल्या अधिकाऱ्यानं कपाटातून गठ्ठा काढून माझ्यापुढे ठेवला. सगळे माझ्याच हातचे. तो नम्रपणे म्हणाला, "बाई, अक्षर सुरेख आहे. पण मुलाला स्वतःला चार ओळी लिहिता येतात का, हे मला बघायचं असतं. आम्हाला वाटलं कुणी एजंट पोरं पुरवतोय. आम्ही बाजूला ठेवून दिले." मला कान धरून वर्गाबाहेर उभं केल्यासारखं वाटलं. परतताना हे एवढंच म्हणाले, "यापुढे अर्ज ज्याचा त्यानं लिहायचा." मी हो म्हटलं. चार महिन्यांची मुलांची वाट मीच अडवून ठेवली होती, आणि वर देवाकडे मोबदला मागत होते.

नियम केला आणि खरोखर बोलावणी यायला लागली. पहिल्या दोन पोरांनी पेढे आणले, तेव्हा मला आनंद झाला, पण तो टिकला नाही. त्यांच्या आयांचे चेहरे मला बघवेनात. सेवा करणाऱ्यानं असं सांगू नये, पण तेव्हा मला असंच वाटत होतं.

अशात एका सोमवारी गणपत आणि त्याची बायको हौसा आली. पोलादपूरच्या वर डोंगरात त्यांची वाडी. गणपत चाळिशीचा, मुंबईच्या गिरणीत बॉयलरवर होता. दुसऱ्या वर्गाचं बॉयलर अटेंडंटचं प्रमाणपत्र प्लास्टिकच्या पिशवीत जपून आणलेलं. गिरणी बंद पडल्यापासून गावीच होता. वाफेनं भाजून त्याच्या उजव्या हाताची बोटं आखडली होती. झडप फिरवता यायची, पेन धरता यायचं नाही, आणि शाळाही चौथीपर्यंतच झालेली. हौसाला अक्षरओळख नव्हती, बोलणं मात्र दोघांचं तीच बोलायची. "काम करायला त्याचा हात चांगला हाय, बाई," ती म्हणाली. "लिवायला तेवडा नाय."

पेपरात बॉयलरवाल्याची एकच जाहिरात होती, तीही बॉक्स नंबरची. म्हणजे कारखाना कुठला, गाव कुठलं, काही कळायची सोय नाही. अर्ज पेपरच्या कचेरीत पाठवायचा, ते पुढे धाडणार. मी यांच्याकडे बघितलं. हे म्हणाले, "नियम हात धड असलेल्यांसाठी आहे. लिही तू." मी लिहिला. खाली गणपतनं अंगठ्याशी पेन दाबून कशीबशी सही केली. महिन्याभरात त्याला बोलावणं आलं, तेही गुजरातेतल्या वापीहून. तो गेला आणि निवडला गेला. दिवाळी झाल्या झाल्या कामावर हजर झालासुद्धा.

पंधरा-वीस दिवसांनी हौसा आंतर्देशीय पत्र घेऊन डोंगर उतरून आली. "वाचा, बाई." मी चष्मा लावून वाचायला लागले. गणपत खुशाल आहे, खोली मिळाली आहे, जेवण गोडं असतं, भातात मजा नाही, असं चाललं होतं. तीन-चार ओळी मोठ्यानं वाचून झाल्यावर माझे डोळे शब्दांवरून अक्षरांवर गेले आणि मी वाचायची थांबले. ते अक्षर मी शिकवलेलं होतं. दुरेघी वहीत, मांडीवर बसवून, बोट धरून गिरवून घेतलेलं. 'क्ष'ची ती शेपटी, 'ल'चा तो देठ. कुणी म्हणेल, अक्षरासारखं अक्षर असतं. असेल. मला कुणाला काही पटवून द्यायचं नाही. आईला मुलाच्या पावलांचा आवाज कळतो की नाही, तसं मला ते कळलं.

"थांबलात का? वाईट काय हाय का?" हौसा घाबरली होती. मी नाही म्हटलं आणि पुढे वाचलं, शेवटपर्यंत. त्यात लिहिलं होतं की इथे मराठी लिहिणारे एकटे साहेबच आहेत, रविवारी ते पत्र लिहून देतात. साहेबांचं नाव नव्हतं. मग हौसानं उत्तर सांगितलं आणि मी ते लिहिलं, तेही माझ्या हातानं. पत्र पेटीत टाकताना मला कळत होतं की गणपतचा माझ्या हातचा अर्जही त्याच्याच टेबलावर गेला असणार, आणि आता हे पत्रही तोच उघडून वाचणार आहे.

परतीच्या एस. टी.त मी यांना सांगितलं. मी म्हटलं, उद्याच निघू या वापीला, पत्ता आहे आता. हे म्हणाले, "आपला पत्ता त्याच्याजवळ सहा वर्षं आहे. तो पाठ फिरवून का होईना, पण अंगणापर्यंत आलाय. हाक मारलीस तर निघून जाईल. तू कशी हाक मारतेस ते मला माहीत आहे." मला राग आला. मग रडू आलं. पण मी गेले नाही. नाव विचारून घ्यावं असं शंभरदा वाटलं, तेही यांनी विचारू दिलं नाही.

तो हिवाळा असा गेला. तीन आठवड्यांनी पत्र यायचं, हौसा आणायची, मी वाचायची आणि उत्तर लिहायची. मुलाच्या अक्षरात मला गणपतची खबर मिळत होती. गणपतला खोकला झाला, गणपतनं नवी चादर घेतली. त्या खोकल्यामागे माझ्या मुलाचा खोकला आहे का, हे मला कळत नव्हतं. मी वाचून झाल्यावर पत्र घडी घालून हौसाच्या हातात द्यायची. ते तिचं होतं. माझ्या मुलाच्या हातचा कागद ती चोळीत खोचून डोंगर चढून जायची आणि मी बघत राहायची. एकदा मी म्हटलं, ठेव इथेच, जपून ठेवीन. ती म्हणाली, "नाय बा. वाचता येत नाय, पन उशाला तर घेता येतं."

उत्तरं लिहिताना मी तिचं बोलणं सुधारून लिहायची. ती सांगायची, "म्हशीला रेडी झाली, बापावर गेली नाय हे बरं झालं," आणि मी लिहायची, 'म्हैस सुखरूप व्याली.' वाचून दाखवलं की ती तोंड वाकडं करायची, "असं मी बोलत नाय." मी म्हणायची, पत्रात असंच लिहायचं असतं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, ही म्हण मी मुलांना समजावून सांगत आले, माझ्या बैलाकडे मात्र माझं लक्ष नव्हतं.

संक्रांतीच्या सुमारास माझा धीर सुटला. हौसा सांगत होती, "लिवा, घरात समदी बरी हायती," आणि माझ्या हातानं खाली लिहिलं, 'आईचे डोळे वाटेकडे लागले आहेत. डोळ्यांचे पाणी खळत नाही. एकदा येऊन जावे.' वाचून दाखवताना ती ओळ मी गाळली. हौसाला काय कळणार? पत्र गेलं. त्या रात्री मी दत्तगुरूंना म्हटलं, आता मी माझं केलं, तू तुझं कर.

उत्तर आलं नाही. तीन आठवडे झाले, पाच झाले, सात झाले. हौसा दर सोमवारी खाली उतरून यायची, दारात उभी राहून विचारायची, "माज्याकं नाय आलं, तुमच्याकं आलं का काय?" आणि माघारी जायची. तिचा चेहरा दर खेपेला बारीक होत होता. माझ्या सहा वर्षांचा मी बाऊ करत होते, आणि त्या बाईची वाट मी एका ओळीनं तोडून टाकली होती. मला ते कळत होतं. तरी तोंड उघडत नव्हतं.

होळीच्या आधीच्या सोमवारी ती आली ती दारात थांबली नाही. सरळ येऊन माझ्यापुढे बसली. खोलीत दोन पोरं अर्ज लिहीत बसली होती, हे त्यांना तारखा सांगत होते. हौसा हळू आवाजात म्हणाली, "बाई, माजी सासू जाऊन नऊ वरसं झाली. तुमी कोनाची आई लिवलात?"

मी पेन खाली ठेवलं. तिनंच सांगितलं. त्यांच्या वाडीतला एक माणूस वापीहून आला होता, त्याच्याजवळ गणपतनं निरोप धाडला होता. साहेबांनी पत्र वाचून दाखवलं, आईची ओळ वाचली, कागद खाली ठेवला आणि उठून गेले. तेव्हापासून म्हणतात की लिहायला सवड नाही. गणपतला मात्र निराळाच घोर लागला. आपली मेलेली आई भुकेली राहून वाटेवर बसली आहे, बायकोला दिसते आहे, आणि बायको भिऊन सरळ सांगत नाही, असं त्यानं धरलं. "कोंबडा दे म्हनून सांगून धाडलान," हौसा म्हणाली. "मी दिला, बाई. चांगला तुरेवाला होता. गावाच्या शिवेवर जाऊन दिला. मंग माज्या मनात आलं, म्हातारी जिवंतपनी कंदी माज्यासाटी रडली नाय, मेल्यावर का रडंल?"

मी सगळं सांगितलं. मुलगा, गणपतीची पंगत, माझं बोलणं, ते अक्षर, ती चोरून लिहिलेली ओळ. चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका लाल शाईनं दाखवल्या, आणि आता एका निरक्षर बाईपुढे मी खाली मान घालून माझी चूक वाचून दाखवत होते. पोरं लिहायची थांबली होती. यांनीही मान वर केली होती. मला त्याचं काही वाटलं नाही. मी म्हटलं, "हौसा, तुझं पत्र मी चोरलं. मला क्षमा कर."

तिनं पदराचं टोक पिळलं. रागावली होती. मग म्हणाली, "कोंबड्याचं जाऊ द्या." आणि थोड्या वेळानं, "माजा बाप मुंबैला हुता, तवा त्याची पत्रं कोन तरी गाववाला लिवायचा. समदं बापाचं लिवून झालं की शेवटाला आपला रामराम घालायचा. पत्र लिवनाऱ्याचा रामराम. आमी बापाचं ऐकायचो तसा त्याचा रामराम पन ऐकायचो. ती जागा लिवनाऱ्याचीच असते. तुमी कंदी घातला नाय, ना तिकडून साहेबानं घातला. मला वाटलं, शिकल्याली मानसं, आमच्यासारक्याला रामराम कशाला करतील." मग माझ्या डोळ्यांत बघून म्हणाली, "माज्या पत्रात घुसू नका, बाई. खाली बसा. तितं तुमचं काय हाय ते लिवा."

ही रीत मला ठाऊक नव्हती असं नाही. लहानपणापासून ऐकलेली होती. पण दुसऱ्याच्या पत्रात आपला नमस्कार घुसवणं मला गावंढळपणाचं वाटायचं. अशी मी.

यांनी पिशवीतून कोरं आंतर्देशीय पत्र काढून माझ्यापुढे ठेवलं. हौसानं सांगितलं आणि मी लिहिलं, या खेपेला तिच्याच शब्दांत, एक काना इकडचा तिकडे न करता. 'ती आई तुमची नव्हं. म्हातारी सुखात हाय. लिवनारीची चूक झाली. कोंबडा फुकट गेला, पन तुमी घाबरू नका. पत्र धाडा, मला करमत नाय.' मग पेन थांबलं. खाली बोटभर जागा उरली होती. सहा वर्षं मनात केवढं साठवलं होतं! तू असा कसा गेलास, आईचं एक वाक्य मनाला लावून घेतलंस, तुझे बाबा किती वाळले बघ. त्यातलं काहीच त्या जागेत मावत नव्हतं आणि, आता बघते तर, त्यातलं काहीच पाठवण्यासारखं नव्हतं. मी डोळे मिटले. देवाला काही मागायचंही राहिलं नव्हतं. तुला दिसेल तसं कर, एवढंच मनात आलं, आणि ते मी म्हटलं असं नाही, ते आपोआप आलं. मी लिहिलं, 'पत्र लिहिणारीचं चुकलं. आशीर्वाद.' अक्षर वाकडं आलं. मी ते तसंच राहू दिलं.

होळी झाली. वाडीवाडीत चाकरमानी आले आणि गेले. गणपतची रजा साठली नव्हती, तो आला नाही. कुणीच आलं नाही. त्या दिवसांत मला गंमत वाटे ती एका गोष्टीची, की वाट पाहणं तेवढंच होतं, पण त्यातली चिडचिड गेली होती. पोरांचे अर्ज तपासताना माझा आवाज खाली आला होता. तुडीलच्या एका मुलीला दवाखान्यात काम लागलं. तिची आई मला मिठी मारून रडली, आणि मीही तिच्याबरोबर रडले, मनात काही न ठेवता.

चौथ्या सोमवारी हौसा आली, पत्र डोक्यावर धरून, उन्हातून. न फोडलेलं. मी फोडलं आणि वाचायला लागले. गणपतला कोंबड्याचं वाईट वाटलं होतं आणि हसूही आलं होतं. तो जत्रेला येणार होता. रेडीचं नाव काय ठेवलं ते विचारलं होतं. सगळं वाचून झालं, 'कळावे' आलं, गणपतचं नाव आलं, आणि त्याच्याखाली आणखी एक ओळ होती. ती बघून मी थांबले.

"म्होरं वाचा की," हौसा म्हणाली. "ते बी माज्याच पत्रात हाय."

मी वाचलं. 'पत्र लिहिणाऱ्याचा, पत्र वाचणाऱ्यांना साष्टांग नमस्कार.'

हे शेजारच्या टेबलाशी होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "वाचणाऱ्यांना, असं आहे?" त्यांनी विचारलं. "म्हणजे मीसुद्धा?" हौसाच म्हणाली, "तुमी पन, भाऊ. आनि कोन?" मग तिनं माझ्या हातून पत्र घेतलं, रोजच्यासारखं चोळीत खोचायला गेली, थांबली, आणि माझ्यापुढे परत ठेवलं. "आजच्या दिवस तुमच्या उशाला राहू द्या," ती म्हणाली. "पुढल्या सोमवारी मला मागारी द्या."

आमची दीड वर्षाची सेवा संपली त्याला बरेच दिवस झाले. नानांना सांगून आम्ही ती वाढवून घेतली आणि आता कुणी मुदत विचारत नाही. श्रीकांत अजून आलेला नाही. हौसाची पत्रं येतात, जातात. त्यांच्या तळाशी तिकडून एक ओळ येते, इकडून एक जाते. कधी तो लिहितो, 'वाचणाऱ्यांनी प्रकृतीस जपावे.' मी लिहिते, 'जपतो. आशीर्वाद.' कधी तरी ती ओळ वाढेल, कधी तरी तिला पाय फुटतील, असं वाटतं. रोज वाटतं. पण ते त्याच्या आणि गुरूंच्या हातात आहे. माझ्या हातात होतं तेव्हा मी काय केलं, ते तुम्ही वाचलंच आहे. मी एक मुलगा मागितला होता आणि मला मिळाली ती दुसरीच्या पत्राखालची बोटभर जागा. तिथे बसल्यावर कळलं की मला इतक्या वर्षांत अशी खालची जागा कुठेच घेता आली नव्हती, देवापुढेही नाही. आता सोमवारी सकाळी पोलादपूरला निघण्याआधी तसबिरीपुढे दिवा लावते, हात जोडते. मागायचं काही सुचत नाही. लिहिणारीचा नमस्कार, एवढंच म्हणते आणि निघते.